लोमोआला लसूण

पेंग साहेब संसदेच्या परराष्ट्र समितीवर गेले ते चिठ्ठीने. त्यांना हवी होती शेती समिती, नाहीतर रस्ते-पूल बघणारी. त्या दोन्हींवर नेहमीच उड्या पडतात, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. साहेब आदल्या दिवशी मात्सू देवीच्या देवळात उदबत्त्या लावून आले होते. तरी चिठ्ठी कोरी निघाली, आणि ज्या समितीकडे कुणी फिरकत नाही तिथल्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एक त्यांना मिळाली.

"परराष्ट्र म्हणजे काय हो सर?" ते मला म्हणाले होते. "तिथल्या लोकांना इथे मत नाही आणि इथल्या लोकांना तिथलं काही पडलेलं नाही. मी तिथे बसून करू काय?"

मला त्यांनी नोकरीवर ठेवलं ते त्यानंतर. मी आमच्या शी-तान गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो होतो. कुठला देश कुठे आहे हे कार्यालयात कुणाला तरी ठाऊक असावं, एवढीच त्यांची अपेक्षा. ती मी कितपत पुरी करतो, मला आजही सांगता येणार नाही. तिथे सगळे मोठ्याने आणि एकदम बोलतात. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो.

लोमोआ हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातो. जगात जे मोजके देश आपल्याला देश म्हणून मानतात त्यांतला तो एक, म्हणून आपलं एक मदत पथक तिथे मत्स्यबीज केंद्र चालवतं. त्या केंद्राची प्रमुख यू-ह्वेई ही माझी विद्यार्थिनी. तिथल्या खाजणातले मासे संपत आले होते. तिने पिल्लांपासून वाढवलेले जननक्षम मासे आता कुठे अंडी घालायला लागले होते. दोन तळी, त्यांत पाणी खेळवणारे पंप, आणि पंपांना लागणारं डिझेल. सारा डोलारा त्यावर उभा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मतदारसंघात तीन वाड्यांत पाणी शिरलं. पाणी उपसायचं केंद्र बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी समितीत अंदाजपत्रक चाळताना साहेबांना 'लोमोआ: पंप व इंधन' अशी ओळ दिसली आणि ते उभेच राहिले. "आमची माणसं गळ्यापर्यंत पाण्यात, आणि आमचे पंप कुणाला? परदेशातल्या माशांना!"

ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचली. साहेबांच्या हरकतीवरून लोमोआचा निधी खुलासा मिळेपर्यंत गोठवण्यात आला.

ते पंप वेगळे, हे वेगळे, दोन्हींचे पैसेसुद्धा वेगवेगळ्या खात्यांतून येतात, हे मी जेवणाच्या सुट्टीत चाचरत सांगितलं. कार्यालय सांभाळणाऱ्या मेइताईंनी भाताचा डबा बंद करत माझ्याकडे बघितलं. "सर, लोकांना पटलंय ना? मग आता त्यात खरंखोटं काढत बसू नका."

परराष्ट्र खात्याने खुलासा दिला, मग पुन्हा दिला. सर्व पक्षांना तो मान्य झाला. पण आपल्याकडे रिवाज असा की ज्याने निधी गोठवला त्यानेच समितीत हजर राहून 'माझी हरकत नाही' म्हणायचं. त्याला डावलून कुणी पुढे जात नाही, कारण उद्या आपणही गोठवणार असतो. यू-ह्वेईने तोवर उधारीवर डिझेल घेऊन तळी जगवली. आता उधारीही बंद झाली होती. अधिवेशनातली समितीची शेवटची बैठक गुरुवारी होती. ती चुकली तर विषय थेट पुढच्या अधिवेशनात जाणार, आणि तोवर एकही मासा जगणार नव्हता.

"बोलतो की," साहेब म्हणाले. "माझं काय माशांशी वैर आहे?"

आणि मग त्यानदादांची आई गेली.

त्यानदादा म्हणजे लसूण बागायतदारांचे पुढारी. चार गावांतली मतं त्यांच्या शब्दावर हलतात. म्हातारी नव्वदी ओलांडून, पणतवंडं बघून गेली, त्यामुळे दुःख बेताचं होतं आणि थाट मोठा. पंचांग बघणाऱ्याने दिवस काढून दिला. गुरुवार.

"दुसरा दिवस नव्हता का?" मी विचारलं.

"होता," मेइताई म्हणाल्या. "पण तो थोरल्या सुनेच्या राशीला वाईट. आता त्यांच्या सुनेची रास आणि तुमचे मासे, यांत साहेबांनी काय निवडावं असं म्हणणं आहे तुमचं?"

ठरलं असं की साहेबांनी सकाळी मांडवात जायचं, नाव पुकारलं की तीनदा वाकायचं आणि तिथूनच स्टेशन गाठायचं. वेगवान गाडीने दुपारच्या बैठकीला सहज पोचता आलं असतं. मला बरोबर घेतलं ते घड्याळाकडे लक्ष ठेवायला.

मांडव भर रस्त्यावर टाकला होता. दोन्ही बाजूंना लोकांनी भेट पाठवलेल्या शीतपेयांच्या डब्यांचे मनोरे होते आणि वर बड्या लोकांच्या शोकपताका मानाप्रमाणे उतरत्या क्रमाने टांगल्या होत्या. साहेबांचं नाव पुकारलं, ते वाकले, घरच्यांनी उलट नमस्कार केला. सगळं वेळेवर झालं. आम्ही वळलो, आणि साहेबांना पहिल्या रांगेत नगराध्यक्ष लियाव दिसले. पुढच्या निवडणुकीत साहेबांच्या जागेवर डोळा असलेले. ते नुसते बसले नव्हते, खांद्यावर घरच्यांसारखा पांढरा टॉवेल टाकून बसले होते.

"हा अजून इथे कसा?" साहेब पुटपुटले.

मेइताईंच्या पुतण्याने बातमी आणली की लियाव शवयात्रेबरोबर चौकापर्यंत पायी चालणार आहेत.

साहेब परत वळले आणि लियावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. कुणीतरी त्यांनाही टॉवेल दिला.

मी मागे जाऊन वाकलो. "साहेब, गाडी."

"सर, तो बसलाय."

"पण बैठक..."

"बैठकीत मला कोण बघतंय? इथे चार गावं बघतायत. तो आधी उठू दे, मग मी उठतो."

लियाव उठणार नव्हते, कारण साहेब बसले होते. भाड्याने आणलेली रडणारी बाई गुडघ्यांवर रांगत आली आणि माईकवर 'आई, आई' करत तिने असा काही हंबरडा फोडला की खऱ्या मुली डोळे पुसायचं विसरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग वाद्यवृंदातल्या बायकांनी वाजवायला घेतलं. एकामागून एक मंडळं येत होती, वाकत होती. सहकारी बँक, देवस्थान समिती, महिला नृत्य मंडळ. सगळ्यांच्या पुढ्यात ते दोघे दोन दगडी सिंहांसारखे बसून होते. मला हसूही येईना आणि रागवायचं कुणावर तेही कळेना. खिशात यू-ह्वेईचा संदेश होता: 'सर, झालं की लगेच कळवा. पिंपात तळाला राहिलंय तेवढंच डिझेल.'

पहिली गाडी गेली. दुसरी गाठता आली तर गाठायची होती.

त्यानदादा डब्यांच्या मनोऱ्यामागे सिगारेट ओढत होते. अंगावर तागाचा सुतकी झगा, डोक्यावर तसलीच टोपी. आईच्या अंत्यविधीत मुलाला जाऊन असलं काही बोलावं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण पाय तिकडे वळले.

"त्यानदादा, साहेबांना जाऊ द्या."

"मी धरून ठेवलंय का?" ते म्हणाले. "आई माझी गेलीय सर. साहेबांचे पाय मी बांधलेले नाहीत."

"लियाव बसलेत म्हणून ते उठत नाहीत. आणि आज ते समितीत बोलले नाहीत तर लोमोआचं मत्स्यकेंद्र बुडेल."

"लोमोआ म्हणजे ते गेल्या वर्षीचे मासे? आमच्या पंपांवर पोसलेले?"

"पंप आपले नव्हते, दादा."

"असं होय?" त्यांना विशेष वाटलं नाही. "कोण राहतं तिकडे?"

"माणसं राहतात. आपल्या बाजूने जगात हात वर करणारी."

"हात वर करतात ते ठीक. घेतात काय आपल्याकडून?"

त्यांनी राख झटकली आणि मान तिरकी करून विचारलं, "मासे खातात म्हणता. मग लसणाशिवाय कसे खातात?"

"नारळाच्या दुधात. मीठ घालून."

"अरेरे." इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. "सर, माझ्या शेडमध्ये लसूण पडलाय. सगळ्यांच्याच शेडमध्ये पडलाय. भाव नाही, कोंब फुटायला लागलेत. तुमच्या त्या देशाला एक कंटेनर जाऊ दे. सरकारने विकत घ्यावा आणि मदत म्हणून द्यावा. साहेब एवढं बोलणार असतील तर आत्ता उठवतो त्यांना."

"त्यांनी लसूण मागितलेला नाही."

"आईने तरी ही रडणारी बाई कुठे मागितली होती? लोक आणतात, आपण घ्यायची असते."

मी होय म्हणालो असं मला आठवत नाही. नाही म्हणालो नाही, हे नक्की. त्यानदादांनी सिगारेट विझवली, टोपी सरळ केली आणि माईक हातात घेतला. आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा आपले पेंग साहेब आपल्या लसणासाठी राजधानीला निघाले आहेत, त्यांना वाट द्या, असं त्यांनी रडवेल्या आवाजात जाहीर केलं. मांडवात टाळ्या वाजल्या. अंत्यविधीत टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. साहेब उठले, फोटोकडे बघून पुन्हा खोल वाकले आणि ताठ मानेने बाहेर पडले. लियाव टॉवेल सावरत बसून राहिले. आता त्यांना चौकापर्यंत चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मोटारीत त्यानदादांशी झालेलं बोलणं ऐकून साहेब खुशीत आले. "सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! आता ते लसणाचं वाक्य नीट लिहून द्या. शेतकरी हा शब्द दोनदा येऊ दे."

मी गाडीत लिहिलं. आपल्या शेतकऱ्यांचा माल परदेशी मदतीत घ्यावा, लोमोआपासून सुरुवात करावी, अशी शिफारस. चार वेळा खोडून लिहिलं. शाळेत मुलांचे निबंध तपासताना मी अशा वाक्याखाली लाल रेघ मारली असती.

आम्ही पोचलो तेव्हा विषय निघालेला होता. साहेबांनी धापा टाकत वाचलं: आपली हरकत नाही, मात्र शेतकऱ्यांचा विचार व्हावा, शेतकऱ्यांचा. कुणीच विरोध केला नाही. लसणाच्या विरोधात कोण बोलणार? प्रत्येकाच्या मतदारसंघात काही ना काही सडत पडलेलं असतंच. सभापतीबाई विरोधी पक्षाच्या. त्यांनी चष्मा वर केला.

"उत्तम सूचना. फक्त 'मंजूर रकमेच्या मर्यादेत' एवढे शब्द घालू या. वाढीव पैसे देता येणार नाहीत."

मी साहेबांच्या मागे भिंतीलगतच्या खुर्चीत बसलो होतो. त्या शब्दांचा अर्थ माझ्या लगेच ध्यानात आला. लसूण आणि त्याचं जहाजभाडं डिझेलच्या पैशांतूनच जाणार होतं. मी अर्धवट उठलो. सभापतीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांनी मान मागे वळवली.

"काय सर? चालेल ना हे?"

नाही म्हटलं असतं तर शब्दांवरून वाद निघाला असता आणि विषय पुढच्या अधिवेशनात गेला असता. होय म्हटलं तर जे हाती येईल ते निम्मं. ज्या मुलीला मी जगाचा नकाशा शिकवला, ती तिकडे फोन हातात धरून बसली होती, आणि एवढ्या मोठ्या दालनात तिच्या तळ्यांचा हिशेब ठाऊक असलेला मी एकटा होतो. ते सगळं मोठ्याने सांगावं असं वाटलं. वाक्य जुळेना. सगळे थांबले होते.

"चालेल," मी म्हणालो.

हातोडा वाजला. साहेब बाहेर पत्रकारांकडे गेले.

मी जिन्यात उभा राहून यू-ह्वेईला फोन लावला. पैसे सुटले, हे ऐकून ती ओरडलीच. मागे कुणाकुणाच्या हसण्याचा आवाज आला. मग मी उरलेलं सांगितलं.

"लसूण," ती म्हणाली.

"एक कंटेनर."

"सर, हे सुचलं कुणाला?"

"इथे सगळ्यांना मिळून सुचलं. माईकवर कुणी बोललं, कागदावर मी लिहिलं."

"तुम्ही?"

"मी."

तिने मोठा सुस्कारा सोडला. शाळेत वर्गातल्या मुलांचा गोंधळ ऐकून मी जसा सोडायचो, अगदी तसा. "मग एकच तळं चालेल. मोठ्यातले मासे जास्त पाणी मागतात, ते काढावे लागतील. खाजणात सोडले तर टिकायचे नाहीत, तळ्यातच वाढलेत. शाळेत जेवण घालते सगळ्यांना." मग ती म्हणाली, "लसूण वेळेवर आला तर त्यालाच वापरते."

"यू-ह्वेई, मला..."

"राहू द्या सर. एक तळं वाचलं. तुम्ही नसता गेलात तर दोन्ही गेली असती, कळतंय मला. फक्त एक कराल? पुढच्या वर्षी तिकडे कशाचं पीक जास्त होणार ते आधीच कळवा. मी अर्जात पहिलं तेच मागेन. मग पंप मागेन."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात गेलो तर मेइताई साहेबांच्या मोठ्या फलकाचा मजकूर छापखान्याला सांगत होत्या. 'आपला लसूण जगाच्या पाठीवर!' त्यांचा फोन संपेपर्यंत मी दारात उभा राहिलो. मग विचारलं, शेतकरी संघात यंदा लोकांनी कशाची लागवड जास्त केली आहे, काही कल्पना?

"फ्लॉवर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी लसूण काढून फ्लॉवर लावलाय. का हो?"

फ्लॉवर जहाजात किती दिवस टिकतो, ते मला माहीत नव्हतं. मी ते शोधायला बसलो.