तळघरातल्या पंपाने पाहिलेली भरती

मित्रांनो, नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या तळघरात, खड्ड्यात बसलेला मी एक जुना मडपंप. गढूळ पाणी ओढायचं आणि रस्त्याच्या गटारात फेकायचं, एवढंच माझं काम. माझा जन्म मानपाड्याच्या एका कारखान्यातला. तिथल्या तपासणीच्या बाईंनी माझ्या पोटाला कान लावला आणि म्हणाल्या, "आवाज साफ आहे." ते माझं पहिलं कौतुक. दुसऱ्यासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं.

खड्ड्यातून माणसं फार छान दिसतात. आठ महिने माझ्या जाळीवर दुधाच्या पिशव्या साचतात, तेव्हा मी कुणाचाच नसतो. पाणी घोट्याला लागलं, की लगेच "आपला पंप"!

सेक्रेटरी हरिहरकाका निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या पत्नी हेमाकाकूंना श्वासाचा विकार. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं प्राणवायूचं यंत्र दिवसभर विजेवर चालतं. आणि इमारतीची सगळी वीज येते माझ्या शेजारच्या भिंतीवरच्या पॅनलमधून. पाणी तिथवर चढलं, की वीज बंद करावीच लागणार. म्हणून पावसात काका माझ्याकडे देवाकडे पाहावं तसे पाहायचे. देवाची जाळी मात्र कधी धुतली नाही.

गेल्या वर्षी दिव्यांच्या अवसेला सकाळपासून पाऊस कोसळत होता. अकराला मला सुरू केलं. तासभर मी जीव तोडून पाणी फेकलं, तरी ते वाढतच होतं.

"म्हातारा झालाय तो," पहिल्या मजल्यावरची श्रिया जिन्यावरून म्हणाली. "मी मीटिंगमध्ये सांगितलेलं ना, बदला म्हणून!"

तेवढ्यात गाड्यांच्या उतारावरून शेजारी राहणारे पंढरीबाबा खाली आले. ही जमीन पूर्वी त्यांच्या घराण्याची. तरुणपणी त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात काम केलेलं. वर गटाराच्या तोंडाशी त्यांनी एक पान टाकून पाहिलं होतं. खाडीकडे जायचं सोडून ते उलटं फिरलं होतं.

"त्याला कशाला बोलतेस, पोरी? तो फेकतो तेच पानी गटारातून उतू जाऊन उतारावरनं परत खाली येतंय. आज अवस हाय. बाराला भरती, इथं पोचायला आनखी थोडा टाइम. खाडीच भरलीय, तं गटार जाईल कुठं? सेक्रेटरी, पंप बंद कर."

"बंद?" काकांचा आवाज चिरकला. "बाबा, वर हेमा आहे!"

"म्हनून तं सांगतो. मिठागरात पानी घ्यायचा दरवाजा आम्ही भरतीला लावून घ्यायचो. भरतीशी भांडायचं नाय, तिला दारात थांबवायची. उताराच्या तोंडाला बांध घाल."

जन्मभर दुसऱ्यांची गणितं तपासलेला माणूस पाण्यातून भिंतीपर्यंत चालत गेला. मग त्याने माझं बटण बंद केलं. मित्रांनो, मी बरीच शहाणी माणसं पाहिली. वेळेवर दुसऱ्याचं ऐकणारा शहाणा तो एकच.

कुणाच्या तरी फरशीकामाची वाळू गोण्यांत भरली गेली. पहिली गोणी ओढली श्रियाने. बाबा माझ्याजवळ पाण्यात वाकले आणि जाळी उपसू लागले. सतरा पिशव्या निघाल्या आणि एक नोटीस: 'पावसाळ्यापूर्वी सफाई करावी.' खाली सही सेक्रेटरींची.

"तुझंच अक्षर का?" बाबांनी विचारलं. काकांनी नोटीस खिशात घातली.

पाणी पॅनलच्या चार बोटं खाली येऊन थबकलं. काका पुन्हा पुन्हा जिन्यातून वरचा दिवा पाहत होते.

सव्वा वाजता बाबांनी गटारात दुसरं पान टाकलं. ते डुललं, अडलं आणि खाडीच्या दिशेने निघालं.

"लाव आता!"

स्वच्छ जाळीने मी असा ओढत सुटलो, की तीनपर्यंत फरशी दिसली. श्रियाने माझ्या पाइपवर थाप मारली. "सॉरी हां, आजोबा!" ते माझं दुसरं कौतुक. संध्याकाळी हेमाकाकूंनी उजळलेल्या दिव्यांपैकी एक बाबांच्या घरी गेला.

आता पॅनलशेजारी तिथींचं कॅलेंडर आहे, भरतीच्या वेळा काकांच्या अक्षरात. पाऊस असला की भरतीच्या आधीच मला चालवतात आणि खड्डा रिकामा ठेवतात. जाळी दर रविवारी काका स्वतः धुतात, नोटीस न लावता.

मित्रांनो, मला ओवाळू नका. फक्त दुधाची पिशवी भिरकावताना एकदा वर पाहा. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी श्वास घेत असतं.