करवादू आजोबांची सुट्टी

टीव्हीवरच्या त्या वाह्यात कार्टूनमधले करवादू आजोबा घरोघरी लाडके होते. सुनेच्या सुपात कवळी बुडवून बघत, पाहुण्यांच्या टकलावर शेरे मारत, देवाचीही भीडभाड ठेवत नसत. हे सगळं सुचतं कुठून, असं कुणी विचारलं की कार्टूनचा लेखक आभाळाकडे बोट दाखवी. खरं तर सगळा माल सासरेबुवांचा. वर्षअखेरच्या सुट्टीत सासुरवाडीला जायचं, जेवणाच्या टेबलाशी कान टवकारून बसायचं, की सुट्टी विशेष भाग आयता ताटात पडे.

यंदा मात्र घात झाला. लेखक आधीच पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. त्यात चॅनेलच्या बाईंनी बजावलेलं, सोमवारी भाग आला नाही तर आजोबांचा गाशा गुंडाळू. आणि सासरेबुवा? सूप प्यायले, छान झालंय म्हणाले, मेव्हण्याच्या नव्याकोऱ्या टकलाकडे बघून गोड हसले.

लेखकाने गुपचूप त्यांच्या वाडग्यात मूठभर मीठ टाकलं. त्यांनी निमूटपणे वर पाणी ओतलं. त्याने स्वतःच्या वडिलांचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. व्याही सज्जनच आहेत, म्हणून म्हाताऱ्याने मान डोलावली. तेव्हा सासूबाईंनी उठून नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात दोघेच उरले.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"दमलोय, जावईबापू." म्हातारा स्टुलावर टेकला. "कधीतरी एकदा करवादलो होतो, आणि पहिल्याच भागात मी स्वतःला ओळखलं. म्हटलं, लेकीचा संसार त्यावर चालतोय, तर करू थोडा तमाशा. पण आता महिनाभर आधीपासून टोमणे जुळवावे लागतात. धाप लागते हो. यंदा मला सुट्टी द्या."

"म्हणजे मुळात तुम्ही..."

"मुळात मला सूप आवडतं."

मग सोमवारच्या भागाचं काय, असं लेखकाने विचारलं. म्हाताऱ्यानेच सुचवलं, चहाला तुम्ही बसा माझ्या खुर्चीत.

चहा आला. लेखकाने कप आपटला आणि हा चहा आहे की फरशी पुसलेलं पाणी, म्हणून गर्जना केली. मेव्हणा फिस्सकन हसला.

"आवाज खाली," डोळे मिटून बसलेले सासरेबुवा पुटपुटले. "खडूस माणूस ओरडत नाही. त्याला कंटाळा आलेला असतो."

कंटाळा होय? तो काही बाहेरून आणावा लागणार नव्हता. लेखकाने कप बाजूला सारला आणि हलक्या आवाजात चहापासून सुरुवात केली. तिथून मेव्हण्याच्या टकलावर आला, बायकोच्या भिशीवर, चॅनेलच्या बाईंवर, शेवटी सुट्टी नावाच्या प्रकारावरच घसरला. मेव्हण्याने टोपी चढवली. बायको आ वासून बघत राहिली. लेखकाला थांबावंसं वाटत होतं, पण आतलं काही संपेना.

जरा श्वास घ्यायला तो थांबला, तर सासरेबुवा वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने भराभरा उतरवून घेत होते.

"चालू द्या," मान वर न करता ते म्हणाले. "अर्धाच भाग झालाय."