बाबांचा डावा गुडघा

तोंडी परीक्षेला सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, बरोबर न्यायचं कारण एवढंच, की ठकूला सांभाळणार कोण? लेक अजून वर्षाचीही नव्हती आणि आईवाचून घटकाभर राहत नव्हती. तिच्या जन्मापायीच सुनेची फिजिओथेरपीची ही शेवटची परीक्षा मागे पडली होती. आज पास झाली तर दवाखान्यात काम सुरू. नाहीतर पुस्तकं पुन्हा वर्षभर कपाटावर.

परीक्षक बाईंनी गुडघ्याचे बंध, म्हणजे लिगामेंट्स, विचारले. तिनं घडाघडा सांगितलं. आतल्या अंगाला रुंद पट्टी, बाहेरच्या अंगाला दोरीसारखा बंध. हे दोघं गुडघ्याला बाजूला कलू देत नाहीत. आणि सांध्याच्या पोटात दोन भाऊ एकमेकांना फुली मारून बसलेले. पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही, मागचा मागे. लंगोट वाळत घालता घालता केलेलं पाठांतर कामी आलं.

आता हातांनी दाखवा, बाई म्हणाल्या. पण ज्याच्यावर दाखवायचं तो माणूस आलाच नव्हता. बाईंची नजर दाराशी ठकूला झुलवत उभ्या असलेल्या बाबांवर गेली.

बाबा नवरदेवासारखे लाजत पलंगावर आडवे झाले. ठकू बाईंच्या मांडीवर गेली आणि तिनं आधी त्यांच्या चष्म्यावर हात टाकला.

गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवायचं, ते हलू नये म्हणून त्यावर अलगद बसायचं आणि ड्रॉवर उघडावा तशी नडगी पुढे ओढायची. पुढचा बंध शाबूत असला, तर ती जागची हलत नाही. पण सासऱ्यांच्या पायावर बसायचं म्हणजे... ती घुटमळली.

"बस गं," बाबा म्हणाले. "घरी डोक्यावर बसतेस, तेव्हा विचारतेस का?"

तिची बोटं गुडघ्यामागे गेली मात्र, बाबांना गुदगुल्या झाल्या आणि मांडीमागचे स्नायू दगडासारखे ताठरले. अशा पायाची तपासणी खोटीच यायची. तिनं बाबांना ठकूची अंगाई म्हणायला सांगितली. बाबा भसाड्या आवाजात सुरू झाले, ठकूनं साथ दिली, आणि स्नायू हळूहळू सैलावले. उजवा गुडघा ठणठणीत होता.

डावी नडगी मात्र पुढे सरकली.

"दोन्ही चांगले ना?" बाईंनी पेन उचललं.

रोज ठकूला घेऊन जिने चढणारा हा माणूस. आपलंच चुकत असणार. तिनं पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा तेच. डोकं एक सांगत होतं, हात दुसरंच.

"नाही," ती म्हणाली. "डाव्यातला पुढचा बंध तुटलाय. जुनं असावं."

बाबांनी मान उचलून दाराकडे पाहिलं.

"फुटबॉल," ते म्हणाले. "तुझ्या सासूला वाटतं, सायकलवरून पडलो. तिला तसंच वाटू दे."

बाईंनी ठकूला तिच्याकडे दिलं, स्वतः तपासून पाहिलं आणि मोठ्यानं हसल्या. तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहून त्यांनी बाहेर ताटकळलेल्या सगळ्या परीक्षार्थी मुलींना आत बोलावलं. असा गुडघा रोज कुठे मिळतो?

ती ठकूचे मुके घेत भिंतीला टेकून हसत राहिली. पलंगाशी रांग लागली होती आणि बाबा प्रत्येकीला गुडघा गेला त्या फुटबॉल सामन्याची गोष्ट सांगत होते. चौथ्या मुलीपर्यंत त्या सामन्यात बाबांचे दोन गोल झाले होते; सातवीपर्यंत पाच.