एकेचाळीस नंबर

प्रोफेसर ट्रानबर्ग आमच्या वॉर्डात पेशंट म्हणून आले, त्या दिवशी मी बेकरीतून अख्खी क्रिंगल, म्हणजे वेटोळ्याचा गोड केक, आणली. काही चांगलं घडलं की आमच्याकडे केक आणतातच. कुणाचा वाढदिवस, म्हणून वॉर्डातल्या नर्स पोरींनी विचारलं. तसंच समजा, म्हटलं. पंचवीस वर्षं या माणसाची वाट पाहत होते मी, आणि हा आपल्या पायांनी चालत आला होता, हातात दाढीच्या सामानाची पिशवी घेऊन.

अडुसष्ट साली ते इथले मोठे डॉक्टर होते आणि मी साधी नर्स. हृदयाच्या रोग्यांसाठी त्यांनी नवं औषध आणलं होतं. ते खरंच चालतं का हे बघायचं, म्हणून अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच साखरेची गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आणि ज्याच्या त्याच्या बंद पाकिटात ठेवलेलं, माणूस मेला तरच ते उघडायचं. माणूस आला की त्याला एक नंबर मिळायचा. सही-बिही कुणी मागत नसे, डॉक्टर देतील ते मुकाट्यानं गिळायचं. माझा धाकटा भाऊ आक्सेल ईल मासे पकडायचा. बत्तीस वर्षांचा होता. त्याला एकेचाळीस नंबर मिळाला.

गोळ्या दिसायला सारख्या होत्या, पण त्यांची चव बघायचं शहाण्यांना सुचलंच नव्हतं. आमच्या वॉर्डात निम्मे कोळी. आठवड्याभरात सगळ्यांनी गोळी चावून पाहिली. ज्याचं तोंड कडू झालं तो खूश. आक्सेल मला म्हणाला, “अगं आस्ता, मला प्रोफेसरांनी खाऊ दिलाय. गोड आहे.” आणि हसला. मला हसू आलं नाही.

नोव्हेंबरात प्रोफेसरांच्या टेबलावर कॉफी ठेवायला गेले, तर समोर चौकडीचा कागद उघडा पडलेला. साखरेच्या रकान्यात अकरा फुल्या, औषधाच्या रकान्यात दोन. एक फुली म्हणजे एक मेलेला माणूस, एवढं मलाही कळत होतं. मी तिथेच हातापाया पडले. माझा भाऊ आहे, त्याला कडू गोळी द्या, म्हटलं. प्रोफेसर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं मला. ते शांतपणे सांगत होते की एकूण दोनशे माणसं अजून पुरी व्हायची आहेत, आधीच थांबलो तर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग हजारो लोक औषधाविना जातील. चष्मा पुसत म्हणाले, “सिस्टर, एकाचं पाकीट उघडलं, की सगळ्यांची उघडावी लागतात.”

शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या वाटीतून एक-एक कडू गोळी मला उचलता आली असती. मी उचलली नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही. फेब्रुवारीत फियोर्डची खाडी गोठली होती तेव्हा आक्सेल गेला. मार्चमध्ये दोनशे पुरे झाले. प्रोफेसरांना मेडल मिळालं, आणि त्या समारंभात कॉफीचे ट्रे मीच फिरवले.

तर आता त्र्याण्णव साल. प्रोफेसरांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. ठोके ताळ्यावर आणणाऱ्या एका नव्या औषधाची तपासणी आमच्याकडे सुरू होती, पुन्हा तोच अर्धा-अर्ध्याचा खेळ. आता मात्र समजावून सांगून सही घेतात. प्रोफेसरांनी झोकात सही केली. विज्ञानाला आपण कधी नाही म्हटलेलं नाही, असं पोरींना ऐकवलं. मला त्यांनी ओळखलं नाही. मी लग्नानंतर आडनाव बदललेली, केस पिकलेली एक नर्स, मला ते कशाला ओळखतील.

या गोळ्यांना चवच नव्हती, तेवढं शहाणपण मधल्या काळात आलं होतं. पण अडीअडचणीला लागलं तर, म्हणून प्रत्येकाच्या नावाचं एक बंद पाकीट कपाटात असायचं आणि किल्ली माझ्याकडे. पाकिटं आतून काळी हवीत असं कागदोपत्री लिहिलेलं होतं. आमच्या प्रेबेननं, म्हणजे तपासणी सांभाळणाऱ्या तरण्या डॉक्टरनं, काटकसर म्हणून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली साधी पांढरी आणली. माझ्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मी मूग गिळून बसले.

प्रोफेसरांचं पाकीट मी टेबललॅम्पपुढे धरलं. आतला टाइप केलेला शब्द स्वच्छ दिसला. प्लासिबो. साखर. मला उभ्या उभ्या रडू आलं, इतकं बरं वाटलं.

घरी सोडल्यावर ते दर मंगळवारी गोळ्यांची नवी डबी न्यायला यायचे. डबी मी माझ्या हातानं द्यायचे, गोड हसून. वेळेवर घ्या हं प्रोफेसर, एकही चुकवू नका, असं बजावायचे. प्रेबेन म्हणायचा, आस्तासारखी मायाळू नर्स मिळणं कठीण. मी मनात मोजत होते, आज किती खंगलेत, जिना चढताना किती वेळा थांबले.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी त्यांनी दार लावून घेतलं. ओठ निळे पडले होते. म्हणाले, “सिस्टर, किल्ली तुमच्याकडे आहे. एकदा बघा. साखर असेल तर मला खरं औषध द्या. मला मरायची भीती वाटते हो.”

या वाक्यासाठीच मी जगले होते. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हटलं, “एकाचं पाकीट उघडलं, की सगळ्यांची उघडावी लागतात.”

मला वाटलं, आता यांचं तोंड गोरंमोरं होईल. त्यांनी मान खाली घातली, थोडा विचार केला आणि म्हणाले, बरोबर आहे तुमचं. त्यांना ते वाक्य आठवतच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात फॅक्स आला. तपासणी ताबडतोब थांबवा. आता आकडे बघायला वेगळी माणसं बसवतात, आणि ती नंबर पुरा व्हायची वाट बघत नाहीत. औषध घेणारे पटापट मरत होते. साखरवाले टिकून होते. प्रेबेननं सगळी पाकिटं रीतसर फोडली, आणि प्रोफेसरांचं फोडल्यावर त्यानं मला मिठीच मारली. मी ज्याला पाच महिने मारत होते, त्याला पाच महिने सांभाळत होते. दुसऱ्या गोळ्यांनी तर म्हातारा महिन्याभरात टुणटुणीत झाला.

मग ते केक घेऊन आले. मोठा, क्रीमचा. सगळ्या वॉर्डाला गोळा करून सांगायला लागले, की मी हिच्यापुढे रडलो, पण हिनं नियम मोडला नाही, म्हणून मी आज उभा आहे. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आणि माझा तोल गेला.

मी सांगितलं सगळं. पाकीट मी लॅम्पपुढे धरलं होतं. साखर आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. दर मंगळवारी तुम्ही मरावं म्हणून मी हसून डबी दिली. नियमबियम काही नाही, माझा भाऊ तुमच्या साखरेवर मेला, अडुसष्ट साली, म्हणून. टाळ्या थांबल्या. प्रेबेन पांढराफटक पडला.

प्रोफेसर हळूच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “एकेचाळीस नंबर. फेब्रुवारीत गेला तो.”

“नाव सांगा.”

त्यांचे ओठ हलले. नाव आठवेना. शेवटी त्यांनीच मला विचारलं, काय होतं त्याचं नाव. मी केकची सुरी खाली ठेवली आणि घरी निघून आले.

माझी नोकरी गेली, जायलाच हवी होती. प्रोफेसर आता दर मंगळवारी फोन करतात. त्या वेळचे नावांचे कागद केव्हाच जाळून टाकलेत, त्यांच्याकडे फक्त नंबर आहेत. ऐंशी वर्षांचा माणूस, आवाज कापतो. परवाचा नववा फोन होता. “सिस्टर, तेवढं नाव सांगा. मला त्याच्या थडग्यावर जायचंय.”

मी दर वेळी एकच सांगते. दोनशे मंगळवार पुरे होऊ द्या, त्याआधी नाही.