न वाजणारा डबा

जुलैत गीतांजली जर्मनीहून परत आली. अमरावती स्टेशनवर सासूबाई, कुंदाताई, नातीला घेऊन आल्या होत्या. "नमस्कार कर बरं आईले," त्या म्हणाल्या, आणि पाच वर्षांच्या अवनीनं खरोखरच वाकून नमस्कार केला, घरी आलेल्या पाहुण्यांना करतात तसा. मग ती पुन्हा आजीच्या पदरामागे जाऊन उभी राहिली. गीतांजलीनं पुढं केलेले हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले. शेवटी तिनं त्याच हातांनी बॅग उचलली.

लग्नाआधीपासून ती इथल्या ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची. शिष्यवृत्ती मिळाली ती युरोपच्या संस्कृतीवरच्या एका अभ्यासक्रमाला. दोन वर्षं, दोन देश. पहिलं वर्ष जर्मनीत, दुसरं इटलीत. वर्गात वीसेक मुलं, जवळपास तितक्याच देशांतली. बातमी कॉलनीत पसरली तेव्हा शेजारच्या शकुनकाकू फाटकावरूनच म्हणाल्या होत्या, "युरोपची संस्कृती? आपली झाली काय शिकून पुरी?"

"तुमी आपली शिकवा ना तिले शकुनबाई," कुंदाताई आतून ओरडल्या होत्या, "तुमच्या शिष्यवृत्तीची वाट पाहून राहिली ती!"

असा सासूचा पाठिंबा होता म्हणून तर जमलं. नवरा, केदार, अकोल्याला नोकरीत. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. अवनी अमरावतीत आजीजवळ राहिली. एक घर होतं, त्याची तीन झाली.

जर्मनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात अवनीनं फोनवर यायचं बंद केलं. केदारनं मोबाइल तिच्यासमोर धरला की ती पलंगाखाली शिरायची. गीतांजलीला पडद्यावर फरशी दिसायची आणि कधीतरी एक छोटी टाच. ती त्या टाचेशी बोलायची. "जेवलीस का गं? काय केलं आजीनं?" टाच आत ओढली जायची.

मग भाद्रपदातली पौर्णिमा आली आणि भुलाबाई बसली, पोरींचा महिनाभराचा गाण्यांचा सण. कॉलनीतल्या पोरी रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमायच्या, गाणी म्हणायच्या, आणि शेवटी त्या घरची पोर झाकण लावलेला डबा वाजवायची. आतली खिरापत बाकीच्यांनी ओळखायची. गोड की तिखट, एवढंच विचारायची मुभा. अवनीची पाळी आली त्या दिवशी ती आपणहून फोनसमोर येऊन बसली. हातात स्टीलचा डबा.

"वळख," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी डबा गदागदा हलवला.

गीतांजली वर्ग सोडून कॉरिडॉरमध्ये आली होती. तिला हात हलताना दिसत होते. वेण्या उडताना दिसत होत्या. आवाज मात्र नव्हता. माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून फोन बाकीचे आवाज गाळून टाकतो. खिरापतीचा आवाज त्यानं कचरा समजून गाळला होता.

"लाडू?" ती अंदाजानं म्हणाली.

अवनीचा चेहरा पडला. डबा तिथंच टाकून ती उठून गेली, आणि पडद्यावर पुन्हा फरशी आली. आता तिच्यावर फुटाणे सांडलेले होते.

दुसऱ्या दिवशी गीतांजलीच्या मोबाइलवर कुंदाताईंचा मेसेज आला. "पोरीनं पुन्हा डबा भरला. आज मुरमुरे आहेत. मी सांगितलं म्हणू नको."

त्या दिवशी तिनं ओळखलं. अवनी आनंदानं उड्या मारत सगळ्या कॉलनीभर सांगून आली. मग हे रोजचंच झालं. कोजागिरीला भुलाबाई उठली, पण डबा काही खाली ठेवला गेला नाही. अवनी त्यात सापडेल ते भरायची. वाटाणे, बटणं, चिंचोके, आजीच्या फुटक्या बांगड्या. कुंदाताई आधी कळवायच्या, गीतांजली थोडा विचार केल्यासारखं करून सांगायची. "बरोब्बर! चल, बाय," म्हणून अवनी फोन आजीकडे देऊन पळायची. मिनिटभराची भेट. उरलेल्या दिवसाला गीतांजली ती मिनिटभराची भेट पुरवून पुरवून वापरायची. एकदा वर्गात प्रत्येकानं आपल्या घरचा एक सण सांगायचा होता. तिनं भुलाबाई सांगितली. सगळ्यांनी भराभर टिपून घेतलं. बाईंनी 'फार सुंदर' म्हटलं. डब्यात काय होतं, हे कोणीच विचारलं नाही.

आणि आता सुट्टीत ती घरी होती, तरी अवनी झोपायची आजीजवळच. गीतांजलीची एक निळी सुती ओढणी ती मुठीत धरून झोपते, हे कुंदाताईंनी सांगितलं होतं. ओढणी निळी कमी आणि मळकी जास्त झाली होती. "ओढणी पायजे, ओढणीवाली नाही पायजे," गीतांजली एकदा हसत म्हणाली. कुंदाताई हसल्या नाहीत. "येईल बापा. लेकरू आहे. थोडं सबुरीनं घे."

पोरीची बोलीही बदलली होती. मला गेलं होतं, मले आलं होतं. आजीचंच बोलणं, आजीचीच मान हलवायची लकब. घास आजीच्या हातचा, वेणी आजीच्या हातची. गीतांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. आपल्याच घरात आपण कुठं बसायचं, हे तिला काही दिवस कळायचं नाही.

सप्टेंबरात पुन्हा भुलाबाई बसली. इटलीला जायला थोडेच दिवस राहिले होते. अवनीनं हट्टानं पहिलीच पाळी आपल्या घरी घेतली. खिरापत केदारनं अकोल्याहून आणली होती. गाणी झाली. पोरी ओरडायला लागल्या, तशी अवनीनं सगळ्यांना हातानं गप्प केलं.

"थांबा. आधी माही आई वळखीन. तिले जर्मनीतून येत होतं, इथं तं जवळच आहे."

डबा वाजला. वर्षभर नुसता हलताना पाहिलेला डबा पहिल्यांदाच गीतांजलीच्या कानावर पडत होता, जाड, बोदा, थोडा अडखळत. पोरींच्या मागून कुंदाताई काहीतरी खूण करत होत्या. बोटानं लांबट आकार दाखवत होत्या, मग दातानं चावून. गीतांजलीनं मान फिरवली. हे आपल्याच कानांनी ओळखायचं, असं तिनं ठरवलं.

"गोड की तिखट?"

"गोड."

"शेंगदाण्याची चिक्की?"

"नाही."

"खोबऱ्याचे तुकडे?"

"नाही!"

"मग... बत्तासे?"

पोरी खिदळल्या. त्यातली सगळ्यात लहान पोर म्हणाली, "खारका!" आणि खारकाच होत्या.

अवनी हसली नाही. रडलीही नाही. ती डबा पोटाशी धरून आईकडे बघत राहिली. "तुले तिकडून येत होतं," ती म्हणाली, "इथं काहून नाही येत?"

शकुनकाकू पोरींना खारका वाटत होत्या. त्यांनीही, नशीब, काही टोमणा मारला नाही.

सकाळी गीतांजलीनं कुंदाताईंच्या हातातून फणी घेतली. अवनी कुरकुरली, पण बसली. केसांत तेल जिरवत गीतांजली म्हणाली, "अवू, तिकडं मला डब्याचा आवाजच येत नव्हता. एकदाही नाही."

"मंग?"

"आजी आधी सांगायची मला. तू रागावशील, फोनवर येणार नाहीस, म्हणून आम्ही तसं केलं."

अर्धी वेणी झाली. मग अवनीनं मान वळवली, केस ओढले गेले तरी. "बटणं होते तवाही?"

"तेव्हाही."

"म्हणजे तुले नुसतं मी दिसत होती?"

"हो. नुसती तू."

दिवसभर आजीशी अवनीची कट्टी होती. "पाह्य बाई," कुंदाताई धुणं पिळता पिळता म्हणाल्या, "चांगुलपणा केला तं मीच फसली." त्या रात्री अवनी आजीजवळ झोपली नाही. आईजवळही नाही. बाबाच्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. ओढणी मात्र मुठीत होती.

निघायच्या संध्याकाळी सामान दाराशी आलं, तेव्हा ती तोच स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणाभोवती चिकटपट्टीचे इतके वेढे होते की डबा ओळखू येईना.

"हे तुले. वळखल्याशिवाय उघडायचं नाही. आजीले माहीत नाही. बाबालेही नाही. आता तुले कोणी सांगू शकत नाही."

"आणि नाहीच ओळखलं तर?"

"तं उद्या वळख."

गाडीत बसल्यावर गीतांजलीनं डबा कानाशी धरून हलवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवला. मुंबईपर्यंत सोडायला निघालेला केदार म्हणाला, "रिकामा तर नाही ना?" वजनावरून रिकामा नव्हता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. अकोल्याच्या फलाटावर केदारच्या ओळखीचं कोणीतरी दिसलं, त्यानं हात केला. ती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मुंबईच्या विमानतळावर बॅग यंत्रातून जायला लागली, तेव्हा आतलं चित्र दिसू नये म्हणून तिनं पडद्याकडे पाठ केली. "डिब्बे में क्या है, मॅडम?" तिथल्या माणसानं विचारलं. "मुझे अभी पता नहीं करना है," ती म्हणाली. तो पडद्याकडे बघून हसला, आणि त्यानं बॅग पुढं ढकलली.

इटलीतली खोली लहान होती. खिडकीखाली सायकली, समोर कोणाचेतरी वाळत घातलेले कपडे. वर्गात पुन्हा नवे चेहरे, पुन्हा आपलं नाव हळूहळू, तोडून सांगायचं. जेवण एकटीचं. संध्याकाळी डबा टेबलावर, फोन त्याला टेकवून.

"मुरमुरे?"

"मुरमुरे वाजतात ना आई!" अवनी पडद्यात नाक खुपसून हसली. "अजून."

"कापूस? साखर? हळद?"

"हळद! हळद खिरापत असते काय?"

एका मिनिटाची भेट आता लांबत चालली होती. मधेच शाळेतलं भांडण यायचं, पडलेला दात यायचा. कुंदाताई मागून विचारायच्या, "अगं, मलेही सांग ना," आणि अवनी त्यांना हातानं दूर लोटायची.

पाचव्या का सहाव्या दिवशी अवनी अंथरुणातूनच बोलत होती. दोन्ही हात मोकळे होते. एका हातानं ती उशीचा कोपरा चोळत होती. मागून कुंदाताई कपाटात काहीतरी उलथंपालथं करत होत्या. "ती निळी ओढणी कुठं गेली कोण जाणे. झोपत नाही पोरगी नीट. तुह्या बॅगेत तं नाही आली?"

गीतांजलीनं डब्याकडे पाहिलं. चिकटपट्टीच्या एका टोकाला निळा धागा अडकला होता. रोज समोर असूनही तो तिला दिसला नव्हता. ती तो बोटानं चाचपत राहिली.

"आई! गेली काय तू? वळख ना."

"आहे, आहे. विचार करतेय." तिनं डबा जवळ ओढला. "गोड की तिखट?"

अवनी विचारात पडली. "मले नाही माहीत," ती शेवटी म्हणाली.

"मग... चिवडा?"

"नाही!" अवनी खुशीत ओरडली आणि उठून बसली. "तुले नाही येत. उद्या लाव."

"उद्या लावते," गीतांजली म्हणाली.

फोन बंद झाला. समोरच्या दोरीवरचे कपडे कोणीतरी काढून नेत होतं. तिनं सुटत आलेलं चिकटपट्टीचं टोक अंगठ्यानं पुन्हा घट्ट दाबून बसवलं आणि डबा उशीशेजारी ठेवला.