घरच्यासाठी वेगळा वाफा

सकाळी सातला जुलियाना पालक कापायला बसली. विळ्याबरोबर माती वर आली, तशी तिने मान वळवली. काळी, चिकट माती. वास कुजक्या अंड्यांचा आणि रंगाच्या डब्याचा. दोन वर्षांत या वाफ्यांत तिला एक गांडूळ दिसलं नव्हतं.

सातिवलीच्या कुठल्याशा कारखान्याचा गाळ टँकरवाला त्यांच्या वाडीत फुकट आणून टाकी. "खतच आहे," तो म्हणाला, आणि तिच्या नवऱ्याने, बेसिलने, ते मानून घेतलं. पानं तळहाताएवढी झाली. तरी विहिरीजवळचा एक वाफा त्याने गाळाविना, शेणखतावर राखला होता. घरातली भाजी फक्त तिथली. ओळखीच्या आणखी दोन वाड्यांतही हेच चाले. कुणी कुणाला विचारत नसे. रविवारी चर्चमध्ये मिस्साला सगळे एकाच बाकाजवळ गुडघे टेकत.

जिजा आली. जवळच्या जूचंद्र गावची ही बाई त्यांची भाजी पाटीतून दारोदार विकायची.

"बाय, माज्या सुनेला, खुशीला, सातवा लागला. डाक्टरीन म्हनते रगत कमी हाय, पालेभाजी खा. रोज उरलेली खातेच ती, पन आज दोन ताज्या जुड्या बाजूला ठेवा."

बेसिल पंपापाशी होता. तो घाईने म्हणाला, "तिला यातली नको. जुलियाना, विहिरीजवळची दे."

"का वो? यात काय मेलंय?"

जिजाने वाकून माती उचलली, नाकाशी नेली आणि फेकून देऊन थुंकली.

"म्हंजे तुमची भाजी येगली, न् आमची येगली? पोटुशी पोर ती! माज्या हातानं ही भाजी वाढली मी तिला. मना सांगाया तोंड नव्हता?"

"बाजारात सगळे असलंच विकतात," बेसिल पुटपुटला.

"मंग तुमी का नाय खात?"

रिकामी पाटी काखेत मारून ती चालती झाली.

दुपारी जुलियानाने त्याच पालकाला लसणीची फोडणी दिली आणि बेसिलच्या ताटात वाढला.

"कुठला गं हा?"

"गाळाच्या वाफ्यातला."

त्याने ताट ढकललं. "वेड लागलंय? हे काय माणसांनी खायचं आहे?"

जुलियानाला त्याची किळस आली, आणि लगेच स्वतःची. त्या जुड्या दोन वर्षं तिच्याच हातांनी बांधल्या होत्या.

"टँकरवाल्याला नाही म्हणून कळवा. तुम्ही नाही कळवलंत, तर मी फाटकात उभी राहीन. आणि चला, जूचंद्रला जायचंय."

"कशाला?"

"खुशीच्या डॉक्टरीणबाईंना सांगायला. पोरीच्या पोटात काय गेलंय ते आपल्याशिवाय कोण सांगणार?"

बेसिल हलला नाही. ती एकटीच निघाली. तपासायला लागेल म्हणून गाळाच्या वाफ्यातली मूठभर माती तिने पिशवीत घेतली होती. रिक्षात शेजारची बाई नाकाला पदर लावून दूर सरकली. जुलियानाने पिशवीचं तोंड बांधलं नाही.