कोरी गारगोटी

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. मित्रांनो, खलबत्ता म्हटल्यावर तुम्हांला आलं-लसणाचा वास आला असेल. पण माझ्या नशिबी मसाला नव्हता. माझ्या पोटात दगड कुटले गेले.

कर्नाटकातल्या मेटगळ्ळीत, एका लहानशा कारखान्यात मला ओतलं. भानुमतीबाईंनी मला हौसेने स्वयंपाकघरासाठी घेतलं होतं. त्यांचे यजमान दत्तोजीराव भूशास्त्रज्ञ. डोंगरात सोनं शोधणं हे त्यांचं काम. आठवड्याच्या आत त्यांनी मला उचलून जीपमध्ये ठेवलं.

"अहो, माझी वेलची कशात कुटू?"

"पाट्यावर वाट की," म्हणून ते हसत निघाले.

कर्नाटकात हिरवट दगडांचे लांबच लांब पट्टे आहेत. फार प्राचीन लाव्हाचे ते दगड, दाबाने आणि उष्णतेने बदललेले. त्यांच्या भेगांतून पांढऱ्या गारगोटीच्या शिरा जातात आणि एखाद्या शिरेत सोनं असतं. डोळ्यांना ते सहसा दिसत नाही. म्हणून दत्तोजीराव दगडाचे दोन तुकडे करत. एक राखून ठेवत, दुसरा माझ्यात कुटत. ते पीठ काळ्या थाळीत पाणी घालून हलक्या हाताने धूत. भुकटी वाहून जाई. सोनं असलंच, तर ते जड म्हणून मागे राही, पिवळ्या रेघेसारखं.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. प्रत्येक दगडानंतर माझ्यात कोरी गारगोटी कुटायची. कोरी म्हणजे जिच्यात सोनं नाही हे ठाऊक आहे अशी. तिचं पीठ मागचे कण ओढून नेई. मग ब्रश, मग पाणी. त्यांचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. "मागचा रंग धुतल्याशिवाय पुढचं कापड बुडवायचं नाही, हे आजोबांचं शिक्षण," ते म्हणत. बरोबरचे लोक कौतुक करत, "रावांचा खल खोटं बोलत नाही." बहुतेक दगड रिकामेच निघत. घरी आले की दारातूनच ते "इल्ल" म्हणत, म्हणजे काही नाही, आणि कॉफी मागत.

निवृत्तीनंतर आम्ही बोगादीच्या घरी आलो. मला मागच्या ओट्यावर जागा मिळाली. एका दुपारी शेजारच्या मुलांना गंमत दाखवावी म्हणून त्यांनी जुन्या खाणीतला, सोनं असलेला एक दगड माझ्यात कुटला. मुलं ओरडली, नाचली, घरी गेली. दत्तोजीराव गारगोटी घ्यायला वाकले आणि छाती धरून खाली बसले.

ते पुन्हा ओट्यावर आले नाहीत. मला कुणी धुतलं नाही. भानुमतीबाईंनी माझ्यात कपड्यांचे चिमटे टाकले. तळच्या बारीक भेगेत त्या दगडातले सोन्याचे कण तसेच राहिले आणि पुढच्या दगडाबद्दल आपण खोटं बोलू, अशी मला धास्ती वाटू लागली.

तेराव्याला दत्तोजीरावांचे धाकटे भाऊ सयाजीराव जेवता जेवता म्हणाले, "आमचा दादा जन्मभर दगड फोडत राहिला. हाती काय आलं, सांगा वहिनी?" ते सहजच म्हणाले असतील. बाई ताटावरून उठून खिडकीपाशी गेल्या.

खिडकीत एक दगड होता. सरगूरकडच्या टेकडीतला. "इथे असणार," असं दत्तोजीराव म्हणायचे, पण तो कुटायचा राहून गेला होता. बाईंनी तो मुलीच्या हातात दिला. सहना नंजनगूडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. वडिलांचं काम तिने लहानपणी पाहिलेलं.

"अप्पांचं खरं होतं की नाही, बघ एकदा."

सहनाने चिमटे काढले. दगडाचे दोन तुकडे केले. एक बाजूला ठेवला, दुसरा माझ्यात टाकला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. बत्ता पडत होता आणि भेगेतले कण सुटत होते.

थाळीत पिवळी रेघ आली.

"आलं की गं! अय्यो, नोडु, बघ तरी, केवढं आलं!" बाईंच्या हातात फोनही आला. "आत्ता सांगते तुझ्या काकाला."

सहनाची नजर ओट्याच्या कडेला गेली. तिथे एक पांढरी गारगोटी धूळ खात पडली होती, जशीच्या तशी.

"आई, फोन ठेव. मी खल धुतलाच नाही."

"साकु गं, पुरे. दिसलं ना? अजून काय पाहिजे?"

"अप्पांनी असं मान्य केलं असतं?"

बाईंनी फोन खाली ठेवला. सहनाने गारगोटी कुटली. कोऱ्या पिठातूनही पिवळे कण निघाले.

"हे कुठलं मग?" बाईंनी विचारलं.

"त्या दुपारचं. अप्पांनी शेवटचं कुटलेलं."

बाईंनी दत्तोजीरावांच्या गोळ्यांची रिकामी बाटली आणली. सहनाने ते कण त्यात सोडले. मग पुन्हा गारगोटी, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी, थाळी कोरी निघेपर्यंत. शेवटी राखलेला तुकडा कुटला. थाळी किती वेळ फिरत होती. दोघींची डोकी तिच्यावर वाकली होती.

"काय?"

"इल्ल, आई."

बाईंनी थाळीतलं पाणी ओतून दिलं. मग त्यांनीच फोन लावला. "भावोजी, टेकडीतला दगड बघितला आज. काही नाही निघालं. नाही, नाही, खल नीट धुऊन बघितला. तुमच्या दादाच्या पद्धतीने." आणि फोन ठेवून त्या कॉफी टाकायला आत गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी जुनी हत्यारं पडून असतील. त्यांत वाटेल ते भरून ठेवू नका. ज्याची ती होती, त्याने जशी धुतली असती, तशी धुवा. सहनाने मला पुसून ओट्यावर पालथा ठेवला आहे, शेजारी नवी गारगोटी. माझ्या पोटात आता काही नाही. मला धास्तीही नाही.